वजा दोन गुण

क्लबच्या वजनकाट्यानं माझं वजन एक किलो तीनशे ग्रॅमनं कमी दाखवलं तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. कमी दाखवणाऱ्या काट्याशी भांडणारी बाई आपण आयुष्यात दुसरी पाहिली नाही, असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. त्यांचं म्हणणं मी खोडून काढत नाही. फक्त एवढं नमूद करते की मी वजनमापांच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं काम करते आहे, आणि खोट्या काट्यावर उभं राहणं मला ओल्या मोज्यांत उभं राहण्यासारखं वाटतं.

मुळात मी त्या काट्यावर चढले ती घोड्यामुळे.

दोन वर्षांपूर्वी मी एका घोड्याला तिरकं चालताना पाहिलं. तो पुढेही जात होता आणि बाजूलाही. पाय एकमेकांवरून कात्रीसारखे पडत होते. वर बसलेली बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखी स्वस्थ होती. बल लावल्याशिवाय वस्तू दिशा बदलत नाही, हे मी शाळेत शिकले आणि पुढे काही वर्षं इतरांना शिकवलंही. इथे पाचशे किलोची वस्तू दिशा बदलत होती आणि बल कुठून लागतंय ते दिसत नव्हतं. कठड्याला धरून मी पाऊण तास पाहत राहिले. तरी दिसलं नाही. पुढच्या आठवड्यात जाऊन मी नाव घातलं.

या प्रकाराला ड्रेसाज म्हणतात. चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद असं वाळूचं रिंगण असतं. कडेनं पाट्यांवर अक्षरं लावलेली असतात: ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. हा क्रम असाच का, हे कुणालाच माहीत नाही. मी दोन ठिकाणी पत्र पाठवून विचारलं. एका ठिकाणाहून उत्तर आलं, त्यात तुम्हाला कळलं तर आम्हालाही कळवा, असं लिहिलं होतं. एका अक्षरापासून दुसऱ्यापर्यंत ठरलेल्या चालीनं जायचं, ठरलेल्या जागी थांबायचं, वर्तुळ काढायचं ते वर्तुळच काढायचं, बटाटा नाही. आणि हे सगळं घोडा स्वतःच्या मर्जीनं करतोय असं दिसलं पाहिजे. आमचे हे शाळेत भूगोल शिकवतात. ते लोकांना सांगतात की ती घोड्यावर बसून भूमिती करते.

क्लबचा नियम असा की शिकाऊ सभासदानं वयाची पंचेचाळीस वर्षं पूर्ण होण्याआधी पहिली परीक्षा उत्तीर्ण व्हायला हवं, नाहीतर त्याचं नाव कमी होतं आणि पुन्हा घालता येत नाही. परीक्षा वर्षातून एकदा. गेल्या वर्षी मी नापास झाले होते. या वर्षीची परीक्षा रविवारी होती, आणि त्यानंतरच्या मंगळवारी मला पंचेचाळीस पूर्ण होत होती. म्हणजे माझ्या हातात एक रविवार होता आणि वर दोन दिवस, ज्यांचा काही उपयोग नव्हता.

गेल्या वर्षी नापास का झाले, तर साहेब थांबला म्हणून. घोड्याला तिथे सगळे साहेब म्हणतात. तो एकोणीस वर्षांचा आहे, तीस-बत्तीस नवशिक्यांना त्यानं या परीक्षेतून पार नेलं आहे, आणि योग्य मार्गानं आलेल्या विनंतीशिवाय तो काहीही करत नाही. टाच मारली तर तो मान वळवून बघतो. त्या बघण्यानं मला माझ्या नोकरीचा पहिला दिवस आठवतो. इतरांखाली तो घड्याळासारखा चालायचा आणि माझ्याखाली मधेच, कसलंही कारण नसताना, उभा राहायचा.

कारण शोधायला सगळी इमारत लागली. वरच्या मजल्यावरचे काका निवृत्त पूल-अभियंता आहेत. त्यांनी माझा गुरुत्वमध्य चुकला असल्याचा निष्कर्ष काढला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर घोड्याची बाजूनं आकृती काढली, पेनानं, टेबलावरच. समोरच्या वहिनी गाण्याच्या शिकवण्या घेतात. त्यांच्या मते घोड्याला माझा स्वभाव कळला होता. सासूबाई म्हणाल्या की त्याचं वय झालंय, त्याला बसू दे.

अखेर कारण सापडलं ते आमच्या बाईंना. बाई म्हणजे शिकवणाऱ्या. सत्तरीला आलेल्या, ताठ, आणि बोलण्याच्या बाबतीत हात आखडता घेणाऱ्या. त्या शिकणाऱ्यांना त्यांच्या कामावरून हाक मारतात. मला प्रयोगशाळा म्हणतात. एके दिवशी साहेब ई आणि एचच्या मधे थांबला, तेव्हा त्या रिंगणात आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवून काही वेळ उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "प्रयोगशाळा, तू जिवंत आहेस ना? मग श्वास घे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नाजूक तराजूवर वजन करताना आम्ही श्वास रोखतो. सोडला की दशांश चिन्हानंतरचा पाचवा आकडा, आमच्या भाषेत पाचवा दशांश, हलतो. एकवीस वर्षांत हे इतकं अंगात मुरलंय की कोणत्याही महत्त्वाच्या क्षणी माझा श्वास आपोआप बंद होतो. श्वास बंद झाला की पाठ ताठ होते, आणि पाठ ताठ होणं ही घोड्याला थांबण्याची खूण. साहेब बिचारा दीड वर्ष माझ्या हुकमाचीच तामिली करत होता. मी ज्या बलाच्या शोधात तिथे गेले होते ते माझ्याच बरगड्यांत होतं, आणि उलट्या दिशेनं लागत होतं.

आता श्वास चालू ठेवायचा कसा? वहिनी म्हणाल्या, तोंड मिटून गुणगुण. पण परीक्षेत स्वाराच्या तोंडातून आवाज निघाला तर दोन गुण वजा. काकांनी एका श्वासाला किती पावलं याचं कोष्टक करून दिलं. ते पाठ करताना मी पुन्हा श्वास रोखू लागले. शेवटी बाईंनी उपाय सांगितला: तोंड थोडं उघडं ठेवायचं. उघड्या तोंडानं श्वास रोखणं माणसाला अवघड जातं. मी विचारलं की ते कसं दिसेल. त्या म्हणाल्या की बावळट दिसेल, पण गुण बावळटपणाचे कापत नाहीत.

ते खरं निघालं. तोंड उघडं ठेवलं की साहेब चालायचा. मी घरी, रस्त्यावर, जिन्यात तोंड उघडं ठेवून सराव करू लागले. सासूबाईंनी मला एकदा आरशासमोर तसं उभं असलेलं पाहिलं आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. प्रयोगशाळेत मात्र घोटाळा झाला. तराजूसमोरही तोंड उघडं राहू लागलं, पाचवा दशांश नाचू लागला, आणि माझ्या सहायक मुलीनं अत्यंत आदरानं विचारलं की मॅडम, यंत्र बिघडलंय की आपण थकला आहात.

दुसरी अडचण वाचकाची. परीक्षेत बाहेर एक माणूस उभा राहून पुढची ओळ वाचून दाखवू शकतो. हा वाचक घरचाच असला तर बरं, म्हणून आमचे हे तयार झाले. त्यांचा आवाज खणखणीत आहे. पण वाचकानं प्रत्येक ओळ एकदाच वाचायची असते. दोनदा वाचली तर ती बाहेरची मदत धरतात आणि दोन गुण जातात. ह्यांनी बावीस वर्षं वर्गात प्रत्येक वाक्य दोनदा सांगितलंय, एकदा पुढच्या बाकांना आणि एकदा मागच्या. त्यांना एकदा बोलायला शिकवणं मला घोडा शिकण्यापेक्षा जड गेलं. महिनाभर ते घरात सगळं एकदाच बोलायचे आणि बोलून झालं की ओठ दाबून धरायचे. सासूबाईंना वाटलं, आमचं भांडण झालंय.

अशी सगळी तयारी झाली असताना, परीक्षेच्या आधीच्या सोमवारी, मी त्या काट्यावर चढले.

साहेब वयस्कर असल्यानं त्याच्यावर खोगिरासह ठरावीक वजनापेक्षा जास्त घालत नाहीत, म्हणून उमेदवारांचं वजन होतं. मी मर्यादेच्या आत होते, खऱ्या काट्यावरही असते. पण आकडा पाहिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं की हा काटा कमी दाखवतो. क्लबचे कारकून सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी विचारलं, किती? मी सांगितलं. तपासणीचा शिक्का कधीचा आहे? तोही मी वाकून पाहिला. चार वर्षांपूर्वी संपलेला होता. ते म्हणाले, "ताई, हे लेखी देता का? म्हणजे मला वर कळवायला बरं." मी दिलं. तीन मुद्दे, तारीख, सही.

मंगळवारी फलकावर सूचना लागली. एका उमेदवाराच्या लेखी हरकतीमुळे, काट्याची फेरतपासणी होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत, परीक्षा पुढे ढकलण्यात येत आहे.

उमेदवार आम्ही अकरा. माझ्याखेरीज दहा जण शाळेत जाणारे, त्यामुळे त्यांना पुढचा आठवडा काय आणि पुढचा महिना काय. पण त्यांच्या आयांनी सुट्ट्या घेतल्या होत्या. हरकत कुणाची हे सूचनेत लिहिलं नव्हतं, पण कोण असेल हे ओळखायला फार डोकं लागत नव्हतं. कुंपणापाशी मी गेले की बोलणं थांबायचं. मी सूचनेसमोर उभी होते, तोंड मिटलेलं होतं, आणि माझ्या लक्षात आलं की मी बराच वेळ श्वास घेतलेला नाही.

क्लबचा काटा तपासणीला आला तो अर्थातच आमच्याच प्रयोगशाळेत. बुधवारी सकाळी मी सहायक मुलीला सहज विचारल्यासारखं विचारलं की त्याचा नंबर कधी लागेल. ती म्हणाली, अठरा दिवसांनी. मी विचारलं की जरा अलीकडे घेता येईल का. ती गोंधळली. मग तिनं खणातून एक परिपत्रक काढून माझ्यापुढे ठेवलं. कोणत्याही कारणासाठी, कोणाच्याही शिफारशीवरून, क्रम मोडून तपासणी केली जाणार नाही. खाली माझी सही होती. एरवी मला त्या मुलीचा अभिमान वाटला असता.

घरी आले तर काका, वहिनी आणि सासूबाई बैठकीच्या खोलीत बसून होते. काकांचं म्हणणं, हरकत मागे घे. मी म्हटलं, हरकत मागे घेतल्यानं काटा बरोबर होत नाही. वहिनींचं म्हणणं, जन्मतारखेचा दाखला पुन्हा तपासून बघ, कधीकधी एखाद वर्षाची चूक निघते. सासूबाईंनी विचारलं की तो तिरका घोडा तुला कधी चालवायला देणार होते. मी सांगितलं, पहिली परीक्षा झाल्यावर. "म्हणजे ज्यासाठी गेलीस ते अजून बघितलंच नाहीस," त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी तेवढं एकच वाक्य मला लागलं.

गुरुवारी मी क्लबची नियमावली मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली. वजन क्लबच्याच काट्यावर करावं, असं तिच्यात कुठेही नव्हतं. प्रमाणित काट्यावर करावं, एवढंच होतं. मग मी आमच्या कार्यालयाची नोंदवही उघडली. क्लबपासून चालत जाण्याच्या अंतरावर एकच काटा असा होता ज्याची तपासणी याच महिन्यात झाली होती. तो एका भंगारवाल्याचा होता.

कारकुनांनी नियम दोनदा वाचला, चष्मा काढून एकदा वाचला, आणि मान्य केलं. शुक्रवारी दुपारी आम्ही अकरा उमेदवार, गुडघ्यापर्यंत बूट, हातात टोप्या, भंगाराच्या आवारात रांगेत उभे राहिलो. भंगारवाल्यानं आमचं प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीला लावलेलं होतं, ते पाहून मला बरं वाटलं. तो हौशी माणूस होता. माल चढला की आकडा मोठ्यानं पुकारायची त्याची सवय, आणि माणसांसाठी ती मोडायचं त्याला काही कारण दिसलं नाही. माझा आकडा रस्त्यापलीकडच्या शिंप्यानंही ऐकला. पावतीवर मालाचा प्रकार लिहावा लागतो. त्याच्या पावतीत लोखंड, पितळ, कागद आणि मिश्र असे चारच रकाने होते. आम्हा सगळ्यांना त्यानं मिश्रमध्ये घातलं. दहा आया माझ्याकडे बघत होत्या. मी पावती घडी करून खिशात ठेवली.

शनिवारी फलकावर नवी सूचना लागली: परीक्षा ठरल्याप्रमाणे रविवारी.

रविवारी माझा नंबर अकरावा होता. परीक्षक बाहेरून आलेल्या होत्या, करड्या केसांच्या, चेहऱ्यावर रेषही न हलणाऱ्या. सीच्या पाटीमागे त्यांचं टेबल, शेजारी गुण लिहून घेणारा लेखनिक. वीस हालचाली, प्रत्येकीला दहा गुण, एकूण दोनशे. शंभर मिळाले की उत्तीर्ण. घोडा वीस सेकंद जागचा हलला नाही तर परीक्षा तिथेच संपते. गेल्या वर्षी माझी तशीच संपली होती.

घंटा झाली. मी तोंड उघडलं आणि ए अक्षराच्या पाटीपासून आत शिरले.

मधोमध थांबणं बरं झालं. नमस्कार झाला. दुडकी चाल सुरू झाली. ह्यांचा आवाज ईच्या पाटीपासून येत होता, स्पष्ट आणि एकदाच. बीपाशी वर्तुळ काढलं. बटाटा झाला नाही, फार तर लिंबू. वाळूत टापा एकसारख्या पडत होत्या आणि माझा श्वास त्यांच्याबरोबर आतबाहेर करत होता. कुंपणावर काका हातात सेकंद मोजायचं घड्याळ घेऊन उभे होते. सातवी हालचाल झाली. आठवी झाली. सीवरून वळताना परीक्षकांची पेन्सिल खाली होती आणि त्या माझ्याकडे पाहत होत्या. मला वाटून गेलं की हे जमतंय.

"एचपासून एफपर्यंत तिरकं, दुडकी चाल," आमचे हे म्हणाले.

मी एचला वळले. एफची पाटी समोरच्या कोपऱ्यात दिसत होती.

"एचपासून एफपर्यंत," मागून पुन्हा आवाज आला, सावकाश, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा, "तिरकं, दुडकी चाल."

परीक्षकांची मान झुकली. त्या काही पुटपुटल्या आणि लेखनिकानं लिहून घेतलं. गेले दोन, मी मनात म्हटलं. आणि तोंड मिटलं.

साहेब थांबला. रिंगणाच्या अगदी मध्यावर, चारही पाय नीट जुळवून, हुकमाप्रमाणे.

काय करायचं ते मला नीट माहीत होतं. श्वास सोडायचा. पण ते माहीत असणं आणि होणं यांच्यात त्या वेळी काही संबंध उरला नव्हता. छाती भरलेली होती आणि कुलूप लागल्यासारखी बंद होती. मी आठ मोजले. ह्यांनी कागद तोंडाशी धरला होता. मी बारा मोजले. टाच मारता आली असती, पण या घोड्याला टाच मारणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. चौदा. तोंड उघडायचं म्हटलं तर जबडा ऐकेना. मनात स्वच्छ विचार आला की मंगळवारनंतर मी इथे येणार नाही, आणि या वाळूचा वास पुन्हा घेणार नाही.

तेव्हा साहेबानं उसासा टाकला. नाकपुड्यांतून, लांबलचक, ओठ फडफडवत, दिवसभर तक्रारी ऐकून घेतलेल्या अधिकाऱ्यासारखा. त्याच्या बरगड्या माझ्या पायांमधे खाली गेल्या, आणि त्यांच्याबरोबर, मला न विचारता, माझ्याही गेल्या. पाठ सैल झाली. तो चालू लागला.

सतरा सेकंद, असं काकांनी नंतर सांगितलं. उरलेल्या अकरा हालचालींतलं मला फारसं आठवत नाही. वहिनींनी काढलेल्या फोटोत मी सगळीकडे पाण्याबाहेरच्या माशासारखी दिसते.

तासाभरानं कारकुनांनी निकाल वाचला. मला दोनशेपैकी एकशे एक. उत्तीर्ण. बाईंनी मान एकदा खाली केली, जे त्यांच्यात मिठी मारण्यासारखं आहे. आया हसून बोलल्या. ह्यांनी माझी टोपी, पाण्याची बाटली आणि पिशवी, सगळं स्वतः उचललं.

गुणपत्रिकेची प्रत प्रत्येकाला मिळते. मी ती घरी नेऊन कपाटात ठेवायला हवी होती. मी तिची बेरीज केली. करायची म्हणून केली नाही. आकडे एकाखाली एक दिसले की ती होते. वीस आकड्यांची बेरीज एकशे एक, बरोबर. मग समासात परीक्षकांच्या सांगण्यावरून लिहिलेली नोंद वाचली. वाचकाकडून ओळीची पुनरावृत्ती, वजा दोन. ते दोन कुठेही वजा झालेले नव्हते.

मी कागद टेबलावर, काकांच्या घोड्याच्या आकृतीशेजारी ठेवला.

"तुम्ही दोनदा वाचलंत," मी म्हटलं.

"मला वाटलं, मागं ऐकू गेलं नसेल," हे म्हणाले.

"मागं कुणी नव्हतं."

"ते नंतर लक्षात आलं." त्यांनी समास वाचला, आकडे वाचले, आणि शिक्षकच असल्यामुळे त्यांनीही बेरीज केली. नव्याण्णव. मग ते खुर्चीत बसले. "कुणाला दिसणार नाही हे," ते हळूच म्हणाले. मग कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तुला दिसलंय."

काका म्हणाले की पुलांच्या कामात दोन टक्के सोडूनच देतात. हे ऐकून मी यापुढे कोणत्या पुलांवरून जायचं नाही याची मनाशी नोंद केली. वहिनी म्हणाल्या, गप्प राहिलीस तर कुणाचं काय जातंय. कुणाचं काही जात नव्हतं. पण मंगळवारनंतर त्या घोड्यावर बसणारी बाई नव्याण्णव गुणांची असणार होती, आणि ते तिला प्रत्येक पावलाला माहीत असणार होतं. या वेळी सासूबाईंनी मला समजावलं नाही. त्या ह्यांना म्हणाल्या, "उद्या तिच्याबरोबर जा. चूक तुझी आहे, नापास ती होणार."

ह्यांनी रजेच्या अर्जात कारण लिहिलं: घोड्याचे काम.

सोमवारी सकाळी कारकून आम्हाला पाहून उठून उभे राहिले. माझ्या हातातला कागद पाहिल्यावर ते पुन्हा बसले. मी चूक दाखवली. त्यांनी समास पाहिला, आकडे पाहिले, कानशिलं लाल झाली. बेरीज त्यांनीच केली होती, चूक त्यांचीच होती, आणि ते त्यांनी लगेच कबूल केलं. मी म्हटलं, लेखी द्यायला मी तयार आहे.

"नको," ते जरा घाईनं म्हणाले, आणि नियमावली उघडून माझ्यापुढे सरकवली.

गुणांच्या बेरजेबाबत हरकत फक्त अनुत्तीर्ण उमेदवारास घेता येईल.

"तुम्ही उत्तीर्ण आहात, ताई," ते म्हणाले. "तुमची हरकत मला घेता येत नाही."

"हरकत घेतली तर मी अनुत्तीर्ण होते."

"हो. पण घ्यायच्या वेळी तुम्ही उत्तीर्ण असता."

मी विचारलं की परीक्षकांना कळवलं तर. त्यांनी पान उलटलं. जाहीर झालेला निकाल उमेदवाराच्या हरकतीशिवाय बदलता येत नाही. ह्यांनी विचारलं की वाचकाला हरकत घेता येईल का. वाचकाचा नियमावलीत उल्लेख फक्त गुण कापण्यापुरता होता. मी तो नियम मागून पुढून, सगळ्या बाजूंनी तपासला. त्याला कुठेही फट नव्हती. गेल्या आठवड्यात मीच या माणसाला नियम शब्दशः वाचायची सवय लावली होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर आता जे समाधान होतं ते दडवण्याचा तो अगदी मनापासून प्रयत्न करत होता.

आम्ही बाहेर आलो. बाई रिंगणाच्या कडेला साहेबाला धरून उभ्या होत्या. खिडकी उघडी होती. त्यांनी सगळं ऐकलं असणार.

"मला नापास होता येत नाही," मी त्यांना सांगितलं.

त्यांनी माझ्या हातातली गुणपत्रिका घेतली आणि नवव्या हालचालीवर बोट ठेवलं. एचपासून एफपर्यंत, दहापैकी दोन. मग त्यांनी रिकीब माझ्याकडे वळवली. "बस वर, प्रयोगशाळा. ही एकच ओळ. आणि तुम्ही," त्या ह्यांच्याकडे वळल्या, "तिथे उभे राहा आणि वाचा. एकदा."

हे ईच्या पाटीपाशी जाऊन उभे राहिले. हातात कागदही नव्हता. त्यांनी ओळ म्हटली आणि मग दोन्ही हात तोंडावर गच्च दाबून धरले.

मी एचला वळले. साहेबानं कान मागं केले, पुढं केले. रिंगणाचा मध्य आला. माझं तोंड उघडं होतं, आणि बघायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी चाललं असतं. मध्य मागं पडला. टापांची लय तुटली नाही. एफची पाटी माझ्या गुडघ्याजवळून निघून गेली.

मी बाईंना विचारलं की किती.

बाईंनी आजवर कुणाला किती दिले याच्या फार कथा आहेत, आणि त्यांतल्या कोणत्याही कथेत पाच येत नाहीत. त्यांनी साहेबाच्या मानेवर थाप मारली, माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि विचार करून म्हणाल्या, "चार."

दोनाऐवजी चार. नव्याण्णवात दोनाची भर. बेरीज मी खाली उतरेपर्यंत थांबवली नाही, घोड्यावरच केली. एकशे एक. आणि अजून सोमवारच होता.